एस्सेलवर्ल्ड का बंद पडलं? आधी शेजारच्या वॉटर किंगडमकडे बघा



कार्यकारणभाव, म्हणजे 'अमुक झालं म्हणून तमुक झालं' असं कधी म्हणता येतं, यावर लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. पाठ्यपुस्तकातलं उदाहरण ठरलेलं असतं : आइस्क्रीमचा खप वाढला की पाण्यात बुडण्याच्या घटना वाढतात, कारण दोन्हींच्या मागे उन्हाळा. ते वाचून आपण मान डोलावतो, पेटच्या पेपरात बरोबर पर्यायावर टिक करतो आणि आपल्या सिनॉप्सिसमध्ये नेमकं तेच करून ठेवतो. कारण आइस्क्रीमबद्दल आपलं काही मत नसतं. आपलं आधीपासून ठाम मत असेल तिथंच खरी परीक्षा असते. म्हणून आज असा विषय घेतलाय ज्यावर मुंबई-ठाण्याच्या आसपास वाढलेल्या प्रत्येकाचं मत तयार आहे : एस्सेलवर्ल्ड.

तिशीच्या आगेमागे असलेल्या पाच जणांना एकत्र बसवा आणि विचारा, 'एवढं चाललेलं एस्सेलवर्ल्ड बुडालं कशामुळे?' एक म्हणेल, बोटीनं जायची कटकट. दुसरा म्हणेल, इमॅजिकानं खाल्लं. तिसरा म्हणेल, नवीन राइड्स आणल्याच नाहीत, त्याच त्या. चौथ्याचं उत्तर मॉल आणि मोबाइल. पाचवा आवाज खाली आणून सांगेल, 'अरे, सगळा जागेचा खेळ आहे.' पाचही जण मनापासून बोलतात, कारण त्यांचं त्या जागेवर प्रेम होतं. आता त्यांचे दावे एखाद्या प्रबंधाचं परीक्षण करावं तसे तपासू.

आधी ज्यावर वाद नाही ते मांडते. मुंबईच्या वायव्य टोकाला, खाडीपलीकडे गोराईत, एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं. ते सुभाष चंद्र यांच्या एस्सेल समूहाचं. याच माणसानं पुढे १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू केला. जायचं तर मालाडच्या मार्वेहून किंवा बोरिवलीच्या बाजूनं फेरीबोट. नाहीतर भाईंदर-उत्तनवरून रस्त्यानं लांबचा वळसा. १९९८ मध्ये त्याच आवारात, त्याच मालकाचं वॉटर किंगडम उभं राहिलं. २००९ मध्ये अगदी शेजारी ग्लोबल विपश्यना पॅगोडाचं उद्घाटन झालं. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आलं. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे देशातली सगळीच उद्यानं बंद झाली. २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद पडलं. वॉटर किंगडम मात्र कोविडनंतर पुन्हा सुरू झालं.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. आजचा सगळा लेख त्यावरच उभा आहे.

'बुडालं' म्हणजे नक्की काय झालं?

पाच जण वाद घालतात, पण एकाच गोष्टीबद्दल घालतात का? 'लोकप्रिय होतं' याचा पुरावा म्हणून बहुतेक जण टीव्हीवरच्या जाहिरातीचं गाणं म्हणून दाखवतात. ते गाणं लातूरच्या, गोंदियाच्या पोरांनाही पाठ होतं, आणि त्यातल्या कितीतरी जणांनी गोराईची खाडी आजवर पाहिलेली नाही. म्हणजे गाण्यातून मोजली जाते ती प्रसिद्धी. तिकीट काढून आत गेलेली माणसं ही वेगळी संख्या. त्या माणसांनी आत केलेला खर्च हा तिसरा आकडा. खर्च वजा जाता मालकाच्या हातात उरलेले पैसे हा चौथा. आणि दरवाजाला कुलूप लागणं ही तर संख्याच नाही, तो एका दिवशी घेतलेला निर्णय आहे.

या पाच गोष्टी सोबत चालतीलच असं नाही. दिल्लीचं अप्पू घर आठवा. १९८२ च्या आशियाई खेळांच्या शुभंकराचं नाव घेऊन १९८४ मध्ये प्रगती मैदानावर सुरू झालेलं हे उद्यान २००८ मध्ये बंद झालं. ती जागा सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारासाठी आणि मेट्रोसाठी हवी होती. म्हणजे तिथल्या कुलपाचं कारण पाळण्यांच्या रांगेत शोधून सापडणार नाही. उलटही होतं : गर्दी आटत जाते आणि मालक तरीही वर्षानुवर्षं रेटत राहतो.

म्हणून पाचव्याचा 'जागेचा खेळ' हा दावा आणि तिसऱ्याचा 'त्याच त्या राइड्स' हा दावा एकमेकांचे विरोधकच नाहीत. एक कुलपाबद्दल बोलतोय, दुसरा गर्दीबद्दल. तुमच्या संशोधन सल्लागार समितीसमोर अर्धा तास जी वादावादी होते, तीही बऱ्याचदा अशीच असते. परावलंबी चल, म्हणजे ज्याचं कारण शोधायचंय तो डिपेंडंट व्हेरिएबल, कागदावर एका वाक्यात लिहिलेला नसतो.

'आमच्या वेळी मजा होती' हा डेटा आहे का?

आहे. पण कशाचा, ते ओळखावं लागतं.

१९९५ मध्ये नऊ वर्षांचा असलेला मुलगा शाळेच्या सहलीबरोबर गेला आणि वेडा झाला. तोच २०१५ मध्ये एकोणतीस वर्षांचा होऊन भाचरांना घेऊन गेला आणि त्याला सगळं जुनाट, लहान वाटलं. त्याचा निष्कर्ष : उद्यानाचा दर्जा घसरला. आता बघा, या वीस वर्षांत तीन गोष्टी एकदम बदलल्या. त्याचं वय वाढलं. साल बदललं, म्हणजे उद्यान आणि आजूबाजूची मुंबई बदलली. आणि तो ज्या पिढीचा आहे ती पिढी इतरांपेक्षा वेगळी आहेच : केबल टीव्ही येण्याआधी जन्मलेली, पहिला मोठा पाळणा गोराईत पाहिलेली. संशोधनात याला वय-काळ-पिढीचा पेच म्हणतात. अडचण साध्या गणिताची आहे : चालू सालातून जन्मसाल वजा केलं की वय मिळतं. तीनपैकी दोन ठरले की तिसरा आपोआप ठरतो. त्यामुळे कितीही मोठा सर्वे घेतला तरी बाहेरचं काही गृहीत धरल्याशिवाय तिन्हींचे परिणाम वेगळे काढता येत नाहीत.

यावर एक साधा उपाय आहे, पूर्ण नसला तरी उपयोगी. २०१५ मध्ये पहिल्यांदा गेलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला विचारा. तिलाही कंटाळा आला असेल, तर 'मीच मोठा झालो म्हणून तसं वाटलं' ही शंका कमी होते. ती वेडी होऊन घरी आली असेल, तर भाचरं घेऊन गेलेल्या मामानं आपला निष्कर्ष जरा थांबवून ठेवावा.

शिवाय या वादात बोलणारे कोण आहेत तेही बघा. ज्यांना तिकीट परवडलं, जे गेले, ज्यांना आवडलं आणि ज्यांना आजही आठवतं, एवढ्या चार चाळण्यांतून गळून उरलेली ही माणसं आहेत. जो एकदाच गेला, बोटीत उलट्या झाल्या आणि पुन्हा फिरकला नाही, तो 'चाहता' म्हणून तुमच्या नमुन्यात येणारच नाही. आणि गिऱ्हाईक का तुटलं हे त्यालाच सगळ्यात जास्त माहीत आहे.

आता एकेक कारण घेऊ

*बोट.* ऐकायला सगळ्यात पटणारं कारण. पण मग वॉटर किंगडमला लोक कसे जातात? त्याच धक्क्यावरून, त्याच खाडीतून, त्याच उन्हात. पॅगोडा पाहायला येणारेही याच बोटींनी येतात. जो अडथळा शेजाऱ्यालाही तेवढाच आहे, तो एकट्याच्या मरणाचं पुरेसं कारण होऊ शकत नाही. शिवाय बोट १९८९ लाही होती. जी गोष्ट बदललीच नाही, ती एकटी बदलाचं कारण कशी होणार?

थांबा, बोटवाल्यांची बाजू इथं संपत नाही. बोट बदलली नाही, पण बोटीपर्यंत येणारं शहर बदललं. जनगणनेत बघा : १९९१ मध्ये ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ५२ लाख होती, २०११ मध्ये १ कोटी १० लाखांच्या वर गेली. त्याच २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाबा ते माहीम-सायन पट्ट्याची लोकसंख्या घटली. वाढलेली कुटुंबं कल्याण, डोंबिवली, नवी मुंबईकडे राहायला गेली. गोराई जागेवरच राहिलं, गिऱ्हाईक लांब गेलं. हे कारण मला 'कटकट' या शब्दापेक्षा कितीतरी चांगलं वाटतं, कारण ते काळानुसार बदलतं आणि मोजता येतं. पण वॉटर किंगडमची अडचण इथंही सुटत नाही. त्याचंही गिऱ्हाईक तेवढंच लांब गेलं.

*मॉल आणि मोबाइल.* मुंबईत हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स मॉल १९९९ मध्ये आला. त्यानंतर मॉल वाढत गेले, मोबाइल आले, सगळं खरं. पण बेंगळुरूला मॉल नाहीत की मोबाइल नाहीत? तिथं २००५ मध्ये सुरू झालेलं वंडरला चालू आहे. त्याच कंपनीनं हैदराबादला नवं उद्यान उघडलं ते २०१६ मध्ये, म्हणजे स्वस्त इंटरनेट घरोघर पोचायला लागलं त्याच वर्षी. 'लोकांना आता बाहेर पडून झोपाळ्यात बसायचंच नाही' हे म्हणणं हैदराबादेतच अडकतं.

*कर.* हे चाहते सहसा बोलत नाहीत, पण या धंद्यातले लोक बोलतात. जून २०१५ पासून मनोरंजन उद्यानांच्या प्रवेशावर सेवाकर लागू झाला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तो २८ टक्क्यांनी, आणि जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आणला गेला. झळ नक्की बसली असणार. पण ती सगळ्यांनाच बसली, वंडरलाला आणि वॉटर किंगडमलाही.

*इमॅजिका.* साल जुळतं म्हणून हे कारण लगेच पटतं. पण 'नंतर' म्हणजे 'मुळे' नव्हे. शिवाय खाणाराच उपाशी होता : इमॅजिका स्वतः कर्जात रुतलं आणि २०२२ मध्ये त्याचा ताबा संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेला. इमॅजिकाचा परिणाम शून्य होता असं मी म्हणत नाही. तो तपासायचा कसा, ते सांगते. इमॅजिका मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाजवळ आहे. त्यानं गिऱ्हाईक ओढलं असेल, तर पुणे आणि नवी मुंबईकडच्या शाळांच्या सहली आधी आणि जास्त तुटायला हव्यात, बोरिवली-भाईंदरच्या नंतर आणि कमी. औषधाच्या मात्रेनुसार परिणाम बदलतो ना, तसं. शाळांच्या सहलींच्या नोंदींवरून हे बघता येईल.

जिथं आकडे आहेत असं एक प्रकरण : जपानमधलं नारा

'नवीन आलं, जुनं मेलं' या तर्काची चाचणी घ्यायला जपानचं एक उदाहरण कामाचं आहे, कारण तिथं शेजारी तुलनेला उद्यानं होती. नारा शहरात १९६१ मध्ये नारा ड्रीमलँड सुरू झालं, कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडची जवळजवळ हुबेहूब नक्कल. भरभराटीच्या काळात वर्षाला साधारण १६ लाख लोक येत. १९८३ मध्ये टोकियो डिस्नेलँड उघडलं आणि आकडा १० लाखांच्या आसपास आला. २००१ मध्ये जवळच्या ओसाकात युनिव्हर्सल स्टुडिओज आलं. शेवटी शेवटी जेमतेम ४ लाख उरले. ऑगस्ट २००६ मध्ये ते बंद झालं आणि पुढची दहा वर्षं झाडोऱ्यात गंजत उभं राहिलं.

याहून सरळ गोष्ट कोणती? अस्सल आलं, नक्कल मेली. पण ओसाका आणि क्योटोच्या मध्ये हिराकाता पार्क नावाचं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचं जुनं उद्यान आहे. युनिव्हर्सलचा तडाखा त्यालाही बसायला हवा होता. ते आजही चालू आहे. मग कोणी म्हणेल, त्याच्यामागे रेल्वे कंपनी आहे, स्वतःचं स्टेशन आहे, म्हणून टिकलं. तर त्याच भागातलं ताकाराझुका फॅमिली लँडही रेल्वे कंपनीचंच होतं, आणि ते २००३ मध्ये बंद झालं. बघा, दोन शेजारी तुलनेला घेतल्याबरोबर दोन सोपी उत्तरं कोसळली. नारामधल्या ओसाडीचे फोटो कितीही पाहिले असते, तरी हे कळलं नसतं.

मग वॉटर किंगडम हा आपला 'कंट्रोल' झाला का?

इथपर्यंत वाचून तुम्ही खूश झाला असाल : तीच बोट, तोच मालक, तोच कर, तेच कोविड, फक्त एक कोरडं आणि एक पाण्याचं. प्रयोगशाळेतही इतका छान कंट्रोल मिळत नाही! मलाही ही तुलना आवडते, आणि म्हणूनच तिच्यातला दोष सांगणं भाग आहे.

प्रयोगात दोन कुंड्यांत दोन रोपं लावतो, एकीला खत घालतो, एकीला नाही. इथं दोन्ही रोपं एकाच कुंडीत आहेत. १९९८ मध्ये वॉटर किंगडम उघडलं तेव्हा एस्सेलवर्ल्डला सगळ्यात जवळचा स्पर्धक मिळाला, तोही घरातलाच. दोन्हींची नावं वेगळी, तिकिटं वेगळी. मे महिन्याच्या घामात बोटीतून उतरलेलं कुटुंब, खिशात एकाच उद्यानाचे पैसे. पोरं कुठं ओढणार? म्हणजे आपण ज्याला तटस्थ शेजारी समजतोय, तोच कदाचित परिणाम घडवणारा आहे. संख्याशास्त्राची अटच आहे की एका घटकावरच्या उपचाराचा परिणाम दुसऱ्यावर होता कामा नये. ती इथं मोडते. शिवाय निर्णय घेणारा एकच : एका मालकाला दोनपैकी एक चालवायचं असेल, तर तो कुठलं ठेवेल हा प्रश्न 'लोकांना कुठलं आवडतं' यापेक्षा वेगळा आहे.

इथं वंडरलाची तुलना पुन्हा कामी येते. तिथं कोरड्या आणि पाण्याच्या राइड्स एकाच तिकिटात मिळतात. म्हणजे कोरड्या पाळण्यांना गिऱ्हाईक नाही असं नाही. प्रश्न त्यांना वेगळं काढून विकण्याचा असू शकतो. यातून माझं गृहीतक असं : गोराईत पोचायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागायला लागल्यावर एका फेरीत एकच उद्यान करणं आलं, आणि निवड करायची वेळ आल्यावर पाण्यानं बाजी मारली. बोट, वाढलेलं शहर आणि वेगळं तिकीट, तिन्ही मिळून. एकेकटं कुठलंच पुरेसं नाही. त्यात मी मटेरियल सायन्सवाली असल्यामुळे एक पुरवणी जोडते : खाऱ्या हवेत पोलादी यंत्रं फायबरच्या घसरगुंड्यांपेक्षा लवकर गंजतात, त्यामुळे तेवढ्याच गर्दीत कोरड्या उद्यानाचा देखभालखर्च जास्त चढू शकतो. 'नवीन राइड्स आणल्या नाहीत' या तक्रारीचं मूळ इथं असू शकेल.

हे गृहीतक आहे, निष्कर्ष नाही. पण ते चुकीचं ठरवता येतं, आणि हाच त्याचा गुण. १९९८ च्या आधी आणि नंतर दोन्ही दारांवरची तिकीटविक्री महिन्यागणिक मांडा. मे महिन्यात एस्सेलवर्ल्ड खाली आणि पावसाळ्यात-थंडीत त्या मानानं तग धरून, असं चित्र दिसलं नाही तर माझं म्हणणं गेलं. जोड तिकीट किती विकलं जायचं ते बघा. देखभालीची रजिस्टरं बघा. 'मोबाइलमुळे संस्कृतीच बदलली' या म्हणण्याला असं कुठं अडवणार?

तुमच्या सिनॉप्सिसचं काय

आता विद्यापीठात येणाऱ्या विषयांची यादी आठवा. '... जिल्ह्यातील सहकारी साखर कारखाने बंद पडण्याची कारणे.' 'जिल्हा परिषद शाळांतील पटसंख्या घटण्याची कारणे.' पद्धत ठरलेली : बंद पडलेले दहा कारखाने निवडायचे, दोनशे सभासदांना प्रश्नावली द्यायची, टक्केवारी काढायची आणि '६२ टक्के उत्तरदात्यांच्या मते गैरव्यवस्थापन' असं लिहून मोकळं व्हायचं. चालू असलेला एकही कारखाना नमुन्यात नसतो. तिथले सभासदही गैरव्यवस्थापनाबद्दल तेवढंच बोलले असते तर?

यात नुकसान फक्त मार्कांचं नाही. कारण चुकलं की उपाय चुकतो. बोटीला दोष दिला की उपाय पूल. इंग्रजी माध्यमाला दोष दिला की उपाय पाट्या बदलणं. आणि गावातून वाडीपर्यंत रस्ता नसल्यानं किंवा पालक ऊसतोडीला गेल्यानं पट घटला असेल, तर शाळा बंद होते आणि अहवाल कपाटात राहतो. एस्सेलवर्ल्डबद्दल चुकलो तर गप्पा चुकतात. शाळेबद्दल चुकलो तर पोरं घरी बसतात.

म्हणून 'कारणे' हा शब्द शीर्षकात घालण्याआधी चार ओळी लिहून काढा. एक, मी नक्की कशाचं कारण शोधतोय, आणि ते कुठल्या एककात मोजणार. दोन, हेच कारण लागू असूनही जे टिकलं, असं जवळचं उदाहरण कोणतं. तीन, ते उदाहरण खरंच स्वतंत्र आहे की एकाच कुंडीतलं. चार, कुठला आकडा समोर आला तर मी माझं म्हणणं सोडून देईन.

सरावासाठी तुमच्या तालुक्यातलं एखादं बंद पडलेलं टॉकीज घ्या. का बंद पडलं ते सगळ्यांना माहीतच असतं, त्यामुळे ते आत्ता लिहू नका. तीस-चाळीस किलोमीटरच्या आत अजून चालू असलेलं टॉकीज शोधा, आणि पहिली ओळ त्याच्याबद्दल लिहा.